विहीणबाईंचा सॉना

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या त्या गल्लीत सगळ्या घरांच्या पुढच्या मोठ्या खिडक्या उघड्या असतात. रस्त्याने जाणाऱ्याला आतली माणसं जेवताना, टीव्ही बघताना, प्रसंगी भांडतानाही दिसतात. पडदे ओढलेलं घर एकच, ते नीलिमाचं. पुण्याहून येऊन वीस वर्षं होत आली. नवरा शैलेंद्र बँकेच्या आयटीत, ती स्वतः शाळेत दुपारच्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायला जाते, चांगली खणखणीत डचमध्ये त्यांना दटावते. पण पडद्यांच्या बाबतीत तिने या देशाचं काडीइतकंही ऐकलेलं नाही.

माणूसघाणी मात्र ती अजिबात नव्हे. कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, कुणाची नोकरी गेली, सगळं आधी तिला कळतं, आणि तासाभरात बाई सायकलच्या पुढच्या टोपलीत खिचडीचं पातेलं बांधून दारात हजर. स्वतःचं काही सांगायची वेळ आली की मात्र मूग गिळून बसणार. शेजारच्या अन्नेकेने एकदा कुंपणापलीकडून, हातात कॉफीचा मग धरून, आपल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची साग्रसंगीत हकिकत सांगितली. नीलिमा घरात येऊन शैलेंद्रला म्हणाली, "लाजा कोळून प्यायल्यात या बायका!"

शैलेंद्र काही बोलला नाही. तो बोलणारही नव्हता, कारण नीलिमाचं स्वतःचं ऑपरेशन ठाऊक असलेला, डॉक्टर सोडून, तो एकटाच माणूस होता. बारा वर्षांपूर्वी नीलिमाचा उजवा स्तन काढावा लागला. कॅन्सर होता, वेळेत सापडला, बाई वाचल्या. केस जातील असली औषधं लागली नाहीत, त्यामुळे थाप खपून गेली. पुण्याला आईला, बहिणींना, इथल्या मराठी मंडळाला, सगळ्यांना एकच सांगितलं: गॉलब्लॅडरचे खडे. तेव्हा चौदा वर्षांच्या असलेल्या मुलाला, सौमित्रलाही तेच. पुढे ब्लाउज ती स्वतःच शिवू लागली, आत कापूस घालून. समुद्रावर जायचं म्हटलं की तिचं डोकं दुखायचं. सख्खी बहीण महिनाभर राहून गेली, तर महिनाभर ही न्हाणीघरात कडी लावून कपडे बदलत राहिली.

या सगळ्याचा तिला त्रास नव्हता असं नाही, पण त्याहून जास्त अभिमान होता. पोराला झळ लागू दिली नाही, त्याचं बालपण नासवलं नाही, ही एक गोष्ट आपण आयुष्यात बिनचूक केली, असं ती मनाशी म्हणायची. खरं तर कुणी विचारलं असतं तर तिने तेवढी एकच गोष्ट मिरवली असती. पण विचारणार कोण?

सौमित्र नायमेखनला शिकायला गेला, तिथेच त्याला हेन्ना भेटली. हेन्ना फिनलंडची. दोघं चिपच्या संशोधनात, दोघंही अबोल. एकमेकांशी काय बोलत असतील देव जाणे. लग्न ठरलं आणि हेन्नाच्या आईने बोलावणं धाडलं. त्या हॅमेनलिन्नात राहत, हेलसिंकीहून आगगाडीने तासाभरावर. नाव पायवी. शहरात बस चालवायच्या. नीलिमाने पुण्याच्या आईला फोनवर सांगताना 'ट्रान्सपोर्टमध्ये आहेत' असं सांगितलं.

मार्च महिना होता. नीलिमाने पैठणी, खण, हळदकुंकू आणि ओटीचा नारळ घेतला. नारळ पाहून शिपोल विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीतला माणूस बराच वेळ विचारात पडला होता. हॅमेनलिन्नाला उतरल्यावर पायवीबाईंनी स्टेशनवर हात पुढे केला, एकदाच दाबला आणि सामान गाडीत टाकलं. गालाला गाल नाही, 'प्रवास कसा झाला' नाही. नीलिमा चाटच पडली. विहीण रागावली की काय आधीच?

घरी जाण्यापूर्वी त्यांनी पाहुण्यांना किल्ला दाखवला. लाल विटांचा प्रचंड किल्ला, पायाशी गोठलेलं तळं, आणि त्या तळ्यावर लोक आरामात कुत्री फिरवत होते. नीलिमाने शैलेंद्रचा दंड धरला. पाण्यावर माणसं चालतात हे तिला काही केल्या पटेना. "इथे राजे राहायचे का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"आधी सैनिक," पायवी म्हणाल्या. "मग कैदी. बायका पण."

एवढं बोलून त्या पुढे चालू लागल्या. नीलिमाला किल्ले म्हणजे शौर्य, पोवाडे आणि वर पिठलं-भाकरी एवढंच ठाऊक. बायकांचा तुरुंग म्हणून कुणी आपला किल्ला पाहुण्यांना दाखवतं? आपण नसतं हो सांगितलं, ती शैलेंद्रच्या कानात कुजबुजली. शैलेंद्र म्हणाला, "ते दिसतंच आहे."

पायवीबाईंचं घर शहराबाहेर तळ्याकाठी होतं, लाकडी, पिवळं. जेवायला राईच्या पातळ पारीत तांदळाची खीर भरून भाजलेला एक पदार्थ होता, वर अंडं आणि लोणी. गोड समजून शैलेंद्रने घास घेतला आणि ती खारट निघाल्यावर चेहरा सरळ ठेवायची पराकाष्ठा केली. नीलिमाने पायवीबाईंची ओटी भरली. नारळ मांडीवर घेऊन त्या गंभीरपणे बसून राहिल्या, आणि मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "चार वाजता सॉना. बायका आधी."

नीलिमाला आधी कळलंच नाही. हेन्नाने हौसेने खुलासा केला. त्यांच्याकडे पाहुण्याला सॉना, म्हणजे वाफेने न्हायची खोली, तापवतात, तो मान असतो. तिची आजी तर सॉनातच जन्मलेली. महत्त्वाच्या गोष्टी तिथेच बोलतात. आणि हो, अंगावर काही घालत नाहीत.

"काही म्हणजे काहीच नाही?" नीलिमाने विचारलं.

"वुलन हॅट घालतात कधीकधी," हेन्ना म्हणाली.

नीलिमाच्या पायाखालची जमीन सरकली. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत पानसुपारी देतात, आणि इथे विहीण विहिणीला उघडी करून बसवते! तिने भराभर कारणं काढली. बीपी आहे. कालच कणकण होती. उष्णता सोसत नाही. छपन्नाव्या वर्षी 'अडचण आली आहे' हेसुद्धा ओठांपर्यंत आलं होतं. पायवी शांतपणे ऐकत होत्या. शैलेंद्र ताटात बघत होता. सौमित्र उठला आणि लाकडं फोडायची राहिलीत म्हणून बाहेर निघून गेला. पोटच्या पोराने असं वाऱ्यावर सोडावं? तिला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही.

नाही म्हणावं तर पहिल्याच दिवशी विहिणीचा अपमान. हो म्हणावं तर इतकी वर्षं सख्ख्या बहिणीपासून राखलेलं या परक्या बाईपुढे उघडं. अंगणातल्या सॉनाच्या लाकडी खोपट्याकडे ती पायवीबाईंच्या मागून निघाली. दारात पोचलं की चक्कर आल्याचं सोंग करायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

आत एक लहानशी खोली होती, बाकावर जाड सुती झगा आणि टॉवेल घडी करून ठेवलेले. पलीकडच्या दारातून धग येत होती. पायवीबाईंनी झगा तिच्या हातात दिला आणि आतून लावायची कडी दाखवली.

"तू एकटी जा," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी बाहेर बसते. कुणी येणार नाही. फक्त तुझ्यासाठी तापवला."

नीलिमाने सुटकेचा श्वास सोडला. एकटीने जायचं असेल तर हरकत नव्हती. पायवीबाई बाहेर गेल्यावर तिने कपडे उतरवले, झगा घट्ट गुंडाळला, आणि आभार मानावेत म्हणून दार जरासं उघडून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही फार समजूतदार आहात," ती म्हणाली. "मला जरा संकोच वाटत होता."

"मला माहीत आहे," पायवी म्हणाल्या आणि स्वतःचा तळहात आपल्या छातीवर उजव्या बाजूला ठेवला. "सौमित्रने हेन्नाला सांगितलं, तिने मला. जेवताना सगळ्यांसमोर तो विषय नको होता. माझ्या आईला आग्रह करू नका म्हणाला. ती कारणं सांगेल, आणि मग तिला वाईट वाटेल." थोडं थांबून त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं. "चौदा वर्षांच्या मुलाला फोनवर असं कळणं फार कठीण. तुम्ही दोघांनी छान निभावलं."

त्या बाईंच्या चेहऱ्यावर काहीच वेगळं नव्हतं. आई आणि मुलगा यावर कधीचे बोलले असणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या.

मग काय झालं ते नीलिमाला नीट आठवत नाही. ती त्या झग्यातच बाहेर पडली. पायात काही नव्हतं. बर्फ तळव्यांना विस्तवासारखा लागत होता आणि ती चालत होती. शेडमागे सौमित्र लाकडं फोडत उभा होता. तिला पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"आई! शूज कुठेत तुझे?"

"तुला कुणी सांगितलं?"

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. तेवढ्यानेच तिला सगळं कळलं.

"फोन आला होता हॉस्पिटलमधून," तो म्हणाला. "यू वेअर इन द शॉवर. माझा आवाज तेव्हा नुकताच फुटला होता ना, त्या बाईंना वाटलं मी बाबाच आहे. त्यांनी ऑपरेशनची तारीख सांगितली, कसलं ते पण सांगितलं. मी 'डांक यू वेल' म्हणून आभार मानले आणि फोन ठेवला."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"तू जेवताना गॉलब्लॅडर म्हणालीस. बाबा पण हो म्हणाले. सो आय सेड ओके."

त्या वर्षी शाळेची सहल आर्देनच्या जंगलात जाणार होती आणि सौमित्रने ऐनवेळी नकार दिला होता. तिने त्याला केवढं झापलं होतं! भित्रा आहेस, आईच्या पदराला किती दिवस चिकटून राहणार, असं त्याच्या मित्रांच्या आयांदेखत म्हणाली होती. पुढे कितीतरी वर्षं मंडळाच्या गप्पांत ती तो किस्सा सांगून सगळ्यांना हसवायची. सौमित्रही तिथे असायचा. तोही हसायचा.

"ती सहल," ती कशीबशी म्हणाली.

"मला वाटलं, मी गेलो आणि तू गेलीस तर?" तो जमिनीकडे बघत होता. "रात्री तुमच्या दाराशी येऊन ऐकायचो. तू घोरायचीस मग मी झोपायचो."

ज्या झळेपासून पोराला वाचवलं म्हणून ती इतकी वर्षं स्वतःवर खूश होती, ती झळ त्याने एकट्याने सोसली होती, भिंतीपलीकडे, आणि तिला पत्ताच नव्हता. धीर द्यायला त्याला कुणी नव्हतं. ज्या आईने द्यायचा, तिनेच ती वाट बंद करून टाकली होती. नीलिमा मटकन लाकडांच्या ढिगावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेही आलं नाही.

पायवीबाई घरातून लोकरीचे मोजे घेऊन आल्या, ते सौमित्रच्या हातात दिले आणि परत गेल्या. सौमित्र गुडघ्यावर बसला. तिचे लाल झालेले पाय त्याने आपल्या जॅकेटला पुसले आणि एकेक मोजा चढवू लागला. मान वर न करताच त्याने विचारलं, "आता बरी आहेस ना तू?"

बारा वर्षं तो हे विचारायला थांबला होता. 'मला काय धाड भरलीय' हे नीलिमाचं ठेवणीतलं उत्तर जिभेवर आलं, तिने ते गिळलं.

"बहुतेक," ती म्हणाली. "दर वर्षी तपासतात. त्याच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. पुढच्या महिन्यात आहे परत." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, "येशील का माझ्याबरोबर?"

सौमित्रने दातांनी हातमोजा ओढून काढला, खिशातून मोबाइल काढला आणि कॅलेंडर उघडलं.

"तारीख सांग," तो म्हणाला.

तारीख तिला तोंडपाठ होती. पण आता मात्र रडू असं फुटलं होतं की ती काही केल्या तोंडातून बाहेर पडेना, आणि तो बर्फात तसाच गुडघ्यावर, बोट स्क्रीनवर ठेवून, थांबून राहिला.