नम्र विनंती नको

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ओमानमधल्या रुस्ताकच्या आमच्या खोलीत मी मोबाइलवर कानडी पेपर मोठ्यानं वाचायचो. हे बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला उभा सोलला असता. आम्ही सीमाभागातले मराठी. आमच्या घरात कानडी कागदाला शिवायचंसुद्धा नाही, असा बाबांचा खाक्या. पण शाळेत सक्ती होती. छड्या खाऊन ती भाषा शिकलो आणि मग कचेरीत कानडीतून अर्ज लागतो म्हणून अख्ख्या गल्लीचे अर्ज माझ्याच गळ्यात पडले.

वाचायचो ते खोलीतल्या प्लंबरसाठी. मी एसी मेकॅनिक, तो प्लंबर, कंपनी एकच. तो कर्नाटकातला, वेशीबाहेरच्या वस्तीतला, तिसरीत शाळा सुटलेला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अण्णा म्हणायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पेपर त्यानंच शोधून काढलेला. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत छापणारा. "आमची माणसं ह्यात बोलतात," म्हणायचा आणि मांडी घालून कान देऊन ऐकायचा.

एका शुक्रवारी त्यानं मला वाचूच दिलं नाही. त्याचा बाप अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलेलं. वस्तीतून मसणवटीत जायची पिढ्यानपिढ्याची वाट एका जमीनदारानं तारा ठोकून बंद केली होती. आता मयत ओढ्यातून न्यायची, छातीभर पाण्यातून. मागच्या वर्षी त्याच्या चुलतीचा देह पाण्यात सुटला होता.

"माझ्या बापाला मी त्या पाण्यातून जाऊ देणार नाही," तो म्हणाला. "अण्णा, पेपराला लिहा."

मी लगेच हो म्हणालो नाही. कारण तो जमीनदार आमच्या फोरमनचा सख्खा मामा. प्लंबरला इथला व्हिसाही फोरमनच्याच ओळखीनं मिळालेला. फोरमन मनात आणेल तर खलास, दुसऱ्या दिवशी विमानात. आणि फोरमनची सासुरवाडी आमच्याच गावात, म्हणजे माझंही सगळं त्याला ठाऊक. तरी मी बसलो लिहायला. तो बोलत गेला, मी उतरवत गेलो आणि शेवटी वाचून दाखवलं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "हे माझं नाही."

"का रे? काय चुकलं?"

"मी कुठं हात जोडले? तुम्ही सगळीकडं हात जोडलेत."

मी कागद पाहिला. महाशय, आपणांस नम्र विनंती, कृपा करून, आपला आज्ञाधारक. अर्ज लिहून लिहून माझ्या कानडीला दुसरं काही येतच नव्हतं! तारा तोडल्या पाहिजेत असं तो म्हणाला होता आणि मी लिहिलं होतं, वाटेची सोय व्हावी. शिवाय जमीनदाराचं नाव गाळून मी 'काही व्यक्ती' केलं होतं. ते मात्र सवयीनं नव्हतं. ते भीतीनं होतं, आणि नुसतं भीतीनंही नव्हतं.

"परत लिहा," तो म्हणाला. "नम्र विनंती नको. माझं नाव घाला, माझ्या बापाचं नाव घाला. त्याचंही घाला."

तो बोलला तसं लिहिलं. पाठवलं. चार दिवस आम्ही जेवलो कमी आणि मोबाइल पाहिला जास्त. पाचव्या दिवशी छापून आलं, त्याच्या फोटोसकट.

त्याच संध्याकाळी फोरमन दारात. हातात मोबाइल.

"कुणी लिहिलं हे? ह्याला तर सहीसुद्धा धड येत नाही."

"मी बोललो. माझं आहे ते," प्लंबर म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

माझं डोकं सटकलं. "मी लिहिलं. काय करायचं ते कर!"

फोरमन हसला. "तू लिहिलंस? आणि तुझ्या बापानं उसाच्या बांधावर कुंपण घातलंय ते? तुमच्या गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीची मढी आता कुठून जातात रे?"

तो निघून गेला. मी भिंतीकडं पाहत उभा राहिलो. अरे, मला माहीत नव्हतं थोडंच! गेल्या सुट्टीत त्या कुंपणाचे खांब मीच धरले होते, बाबांनी तारा ओढल्या होत्या. प्लंबरनं माझ्यापुढं ताट सरकवलं आणि पाठ फिरवून जेवला.

फोरमननं पुढं काही केलं नाही. पेपराचा बोभाटा मोठा झाला होता. तहसीलदार येऊन तारा काढून गेला. आठवड्यानं प्लंबरचा बाप गेला आणि सरळ वाटेनं गेला, कोरड्या पायांनी चालणाऱ्यांच्या खांद्यांवरून. आम्ही मोबाइलवर पाहिलं. प्लंबर हमसून हमसून रडला आणि मी त्याला, जन्मात पहिल्यांदा, "तुम्ही थोडं पाणी प्या" म्हणालो.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. "बाबा, कुंपण काढा."

"कानडी पेपर वाचून शहाणा झालास होय?" ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मी त्याच पेपराला लिहायला वही घेऊन बसलो. प्लंबर समोर मांडी घालून बसला, पेपर ऐकायला बसायचा तसाच. मी गावाचं नाव लिहिलं, माझं नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

"बापाचं नाव घाला, अण्णा," तो हळूच म्हणाला.

दुपारचा भात गार झाला तरी मी तेवढं एकच नाव लिहीत होतो.