सिमेंटने बुजवलेली भेग

मागच्या वर्षी मी इथे ब्लॉगवर लिहिलं होतं, की जबलपूरच्या जुन्या दफनभूमीतल्या एका लहान मुलीच्या थडग्याची भेग मी सिमेंटने बुजवली, आणि हे कुणालाही जमेल. ते चूक होतं. कृपया तसं करू नका. ती नोंद मी काढलेली नाही. चौथीपर्यंत मी घरीच आईजवळ शिकले. चुकलं की खोडायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं, हा तिचा नियम.

गेल्या महिन्यात एका वाचकाने फोटो पाठवला. सिमेंटच्या कडेचा वालुकाश्म पापुद्र्यांसारखा सुटला होता आणि नावाची शेवटची दोन अक्षरं गेली होती. तिसऱ्या दिवशी मी नागपूरहून सकाळची बस धरली. रस्ता चांगला आहे. सिवनीला पोहे-चहा झाला, दुपारी जबलपूरच्या विजय नगरला आत्याकडे पोचले.

"काहून गं, पुन्हा मेलेल्यांकडेच चालली?" आत्या म्हणाली. "जित्यांकडेही बसत जा जरा." डबा मात्र तिनेच भरून दिला.

आत्याच्या ओळखीचे पन्नालालजी दगडकाम करतात, ते सोबत आले. त्यांनी थडग्यावर तांब्याभर पाणी ओतलं. दगडाने ते शोषलं, सिमेंटवरून ते ओघळून गेलं.

"बरसात का पानी अंदर गया, दीदी. बाहर निकलने का रास्ता आपने बंद कर दिया."

आजच काढू या का, असं मी विचारलं. ओल्या दगडावर छिन्नी लावली तर उरलेलं नावही जाईल, म्हणाले. आधी तो सुकायला हवा, आणि भेगेत भरायचा चुना महिनाभर भिजायला हवा.

मग दफनभूमीच्या चौकीदारकाकांना सांगणं आलं. पावसाने झालं, असंच ते समजत होते. हे माझ्यामुळे झालं, असं मी सांगितलं.

"हम तो सबको आपका काम दिखाते थे," ते म्हणाले, आणि खाली बसून गवत उपटू लागले.

सुटलेले तुकडे त्यांनीच वेचून कागदात बांधून ठेवले होते. पुडी माझ्या हातात दिली नाही, खोलीत परत नेऊन ठेवली. ते मला योग्यच वाटलं.

आता घरी आहे. मागच्या वेळी परवानगी नुसती तोंडी विचारली होती. या वेळी दफनभूमीच्या समितीकडून लेखी घेतली आहे. पन्नालालजींनी चुना भिजत घातला आहे. दोन अक्षरं परत येणार नाहीत, बाकीची टिकावीत एवढंच. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, आम्ही सिमेंट काढायला घेणार आहोत.