यादीतलं शेवटचं नाव

सकाळी पोस्टमनने कार्ड हातात दिलं. अक्षर माझं होतं आणि नाव बाबांचं.

आमचं चष्म्याचं छोटं दुकान. वर्षभरात न फिरकलेल्या गिऱ्हाइकांना बाबा दर दिवाळीआधी कार्डं पाठवायचे. यादीच्या शेवटी स्वतःचंच नाव आणि घरचा पत्ता. ते कार्ड घरी आलं की म्हणायचे, "चला, सगळ्यांना पोचली." मग दुकान झाडून वाट बघत बसायचे.

बाबा चैत्रात गेले. यंदा कार्डं मी लिहिली. यादी समोर ठेवून एकेक नाव उतरवत गेले. हात लिहीत होता, मी तिथे नव्हतेच. शेवटचं नावही तसंच उतरलं. टपालाला काय, घर सापडलं की झालं.

"कुणाचं गं?" आईने आतून विचारलं.

"दुकानाचंच."

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. कार्ड उलटून छापील मजकूर वाचला : 'बऱ्याच दिवसांत आपलं येणं झालं नाही. आम्ही वाट पाहत आहोत.'

म्हणजे सगळ्यांना पोचली असणार. मी किल्ली घेतली आणि दुकान झाडायला निघाले.