पाहिलं तेवढंच

"लग्न झालंय का? नसेल, तर का नाही?"

समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते. महिन्यातून एका गुरुवारी आमच्या वकीलबाई आणि त्यांची कारकून मी, पिंचर्स आर्म या आमच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसतो. घर कुणाच्या नावावर, जमिनीचा कागद कसा करायचा, म्हातारा गेल्यावर काय कुणाला मिळणार, असलं सगळं लोक विचारायला येतात. माझा प्रश्न ऐकून चिडतात. मागच्या खेपेला एक बाई म्हणाली, "अगं, माझी नातवंडं शाळेत जातात आता. तुला काय पडलंय?" मी म्हटलं, "नातवंडांना सुखी ठेवो देव. लग्न झालंय का ते सांगा, नाहीतर मृत्युपत्र करा." उद्धट आहे म्हणतात मला. म्हणोत बापडे. अँब्रोज काकांना हा दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलंय.

न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर जमिनीला कागद नव्हतेच. आजोबानं बटाट्याला कुंपण घातलं, मासळी वाळवायला मांडव उभा केला, ती जागा त्याची. पुढे बँका आल्या, घरं विकायची वेळ आली, आणि कोर्ट कागद मागायला लागलं. तेव्हा गावातल्या कुणा म्हाताऱ्या माणसानं शपथेवर सांगायचं, की ही जागा हे घराणं उघडपणे, अखंड, कुणाची हरकत न येता वहिवाटत आलंय. आमच्याकडे तो म्हातारा म्हणजे अँब्रोज टिझर्ड. ते जागेवर जायचे, हद्दीवरून सावकाश चालायचे आणि म्हणायचे, "इथपर्यंत मी पाहिलंय. पलीकडचं मला ठाऊक नाही." त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं एकदा ओढ्यापलीकडचा तुकडा आत घ्यायला सांगितला. काका म्हणाले, "आपल्या आजोबाची मेंढरं तिथं चरायची खरी. पण मेंढरू चरलं म्हणून जमीन आपली होत नसते." चुलतभाऊ मरेपर्यंत बोलला नाही त्यांच्याशी. पण काकांच्या शपथेवर कोर्टानं कधी शंका घेतली नाही. अर्ध्या गावाची घरं त्यांच्या जिभेवर उभी होती म्हणा ना.

ते स्वतः राहायचे फीनी मावशीच्या घरात. ट्रायफीना तिचं नाव, गाव फीनी म्हणायचं. घर मावशीच्या वडिलांचं, त्यांनी तिच्या नावावर केलेलं. मावशीचा नवरा गार्लंड पाइक तरुणपणीच समुद्रात गेला. मार्च महिन्यात तो आणि अँब्रोज काका आपापल्या होडीतून पक्षी मारायला गेले होते, धुकं उतरलं, काका परतले आणि गार्लंड परतला नाही. आठ-दहा वर्षांनी काका मावशीची लाकडं फोडून द्यायला लागले. मग छपराची डागडुजी झाली. मग एकदा चहाला थांबले ते थांबलेच. गावानं नाक मुरडलं नाही. सगळ्यांना आनंदच झाला.

मावशीला लग्न करायचं होतं. हौस होती तिला. तेव्हाच्या पाद्रीसाहेबांकडे ती स्वतः गेली. ते म्हणाले, "गार्लंड मेला असं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. त्याशिवाय तू बायको त्याचीच." त्या दिवशी गार्लंडबरोबर होतं कोण? एकटे अँब्रोज काका. काका मान खाली घालून म्हणाले, "तो मेला हे मी पाहिलेलं नाही." संपला विषय. पाद्रीसाहेबांनी पुढे विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

मावशीनं ते हसण्यावारी नेलं, पण विसरली नाही. टपाल यायचं 'मिसेस गार्लंड पाइक' या नावानं. पाकीट काकांपुढे टाकून ती म्हणायची, "घे, त्याच्या बायकोचं पत्र आलंय. पोचव कुठे असेल तिथं." कधी फारच चिडली की म्हणायची, "गावच्या धोंड्याधोंड्यासाठी शपथा घेतोस. माझ्यासाठी तेवढी जीभ उचलत नाही तुझी."

"धोंडे मी पाहिलेत, फीनी."

"आणि मी? मी दिसत नाही तुला?"

यावर काका चुलीत लाकूड सारायचे. एकदा मात्र मला म्हणाले होते, "पोरी, मी एकदा खोटं बोललो, की सगळ्यांच्या कुंपणाला हात लागेल बघ."

दफनभूमीत गार्लंडच्या नावाचा दगड होता. त्याच्याखाली कुणी नव्हतं, आणि वर बायकोच्या नावासाठी जागा कोरी ठेवलेली. "मला त्या रिकाम्या माणसाशेजारी पुरू नका," मावशी सांगायची. पण ऑक्टोबरात ती गेली, अल्बर्टाहून भाचा रँडल आला, तो नात्यानं जवळचा. दगड आहे, जागा आहे, त्याला त्यात वावगं दिसलं नाही. मावशीला तिथेच पुरलं. काका चौथ्या रांगेत उभे होते, शेजाऱ्यांबरोबर. तो दिवस आठवला की मला आजही संताप येतो.

मृत्युपत्र नव्हतं. "सगळ्या गावाला माहीत आहे की, कागद कशाला," असं दोघंही म्हणायची.

पुढच्या गुरुवारी रँडल हॉलमध्ये आला. त्याला घर विकायचं होतं, उन्हाळ्यापुरतं येणारं एक जोडपं घ्यायला तयार होतं. काका तिथेच बसले होते, दुसऱ्या कुणाच्या हद्दीची शपथ घ्यायला आलेले. आमच्या वकीलबाई शहरातून नुकत्याच आलेल्या, हुशार, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी रँडलला समजावलं. एकत्र कितीही वर्षं राहा, लग्न नाही आणि मृत्युपत्र नाही, तर मागे राहणाऱ्याला वारसा नाही. कागदावर मावशीचा नवरा अजून गार्लंडच. तो मेल्याचं कोर्टानं मानलं, की घर भाच्याचं.

"गार्लंडबद्दल सांगणारं आहे का कुणी?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"तो मेला असं मी सांगणार नाही," काका म्हणाले. "मी पाहिलं नाही."

"ते नकाच सांगू, काका. पाहिलंत तेवढंच सांगा."

काकांनी सांगितलं. गार्लंडची होडी खडकांच्या दिशेनं गेली. धुकं आलं. दोनदा हाक ऐकू आली, मग नाही. दुसऱ्या दिवशी एक वल्हं सापडलं, त्यावर गार्लंडनं कोरलेली खूण होती. पाणी बर्फाचं होतं. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही. मी टाइप करत गेले. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "झालं. एवढं पुरे. मेला की नाही ते ठरवणं कोर्टाचं काम, तुमचं नव्हे."

काकांनी कागद स्वतःकडे ओढला. "हे आता नवीन निघालंय का, बाई?"

"छे, जुनंच आहे. बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की चालतं."

"म्हणजे हेच बोललो असतो तेव्हा..."

"तेव्हाही चाललं असतं," बाई सहज म्हणाल्या. त्यांना बिचारीला काही माहीत नव्हतं, पण टेबलाखालून त्यांना लाथ मारावीशी वाटली मला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. काकांचा कळसा तोंडात होता, आणि बोल म्हणणारं कुणी भेटलं नाही.

काकांनी सही केली. रँडल वाईट नव्हता, "वसंतापर्यंत राहा काका," म्हणाला. बाईंनाही मग उमगलं. त्या हळूच म्हणाल्या, "घरासाठी तुम्ही राबलात, त्याबद्दल कोर्टात काही मागता येईल."

"घर नको," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, एक कागद माझा लिही."

मी लिहायला लागले. मी, अँब्रोज टिझर्ड, शपथेवर सांगतो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून त्यांनी सांगायच्या आधीच मी टाइप करून टाकलं, 'ट्रायफीना ही माझी पत्नी होती.' काका वाकून वाचत होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोड. हे झालं नाही."

"काका, राहू दे ना. कोर्टात जायचा नाही हा कागद."

"शपथ आहे ना? मग झालं तेवढंच लिही."

मी खोडलं. मग त्यांनी सांगितलं ते लिहिलं. ट्रायफीना आणि मी एका छपराखाली राहिलो. उघडपणे, सगळ्यांच्या देखत, अखंड, कुणाची हरकत न येता. सकाळचा चहा ती करायची, चूल मी पेटवायचो. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. हे मी पाहिलं आहे.

बाईंनी बायबल पुढे केलं. काकांनी टोपी काढली आणि त्यावर हात ठेवला.

"याला काय म्हणायचं," ते म्हणाले, "ते ठरवणं माझं काम नव्हे."