परत करायच्या बोलीवर

मागच्या मंगळवारी आमची खोकी सुटली. परळला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत माझं पेशंटना लागणाऱ्या सामानाचं छोटं दुकान आहे. परदेशातून मागवलेली आमची यंत्रं कस्टम्सने अडीच महिने अडकवून ठेवली होती.

कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, त्यांच्यासाठी हे यंत्र असतं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे... आवाज येतो. सपाट, एकसुरी, पण शब्द कळतात.

कस्टम्सचं म्हणणं, हे वायरलेसचं सामान आहे, वेगळा परवाना दाखवा. मी तिथे इतकी भांडले की शेवटी आमचे वकीलच म्हणाले, मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा.

या अडीच महिन्यांत काळाचौकीचे गावडेकाका रोज दुकानात यायचे. हातात पाटी, त्यावर खडूने लिहिलेलं, "आलं का?" मी नकाराची मान हलवायची... ते पाटी पुसून निघून जायचे.

त्यांना घाई होती. या रविवारी त्यांच्या मुलीचं, सुप्रियाचं लग्न होतं. त्यांच्या चाळीत सगळी मालवणकडची माणसं, शुभकार्याआधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला सगळं मोठ्याने सांगून मागणं मागतात. ते घालायचं कायम काकांनीच. चाळीतल्या सगळ्या पोरींसाठी घातलं, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी मुक्याने उभं राहायचं, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

शेवटी आम्ही हायकोर्टात गेलो. कोर्टाने माल सोडला, पण अटीवर. आम्ही हमीचा बाँड द्यायचा, कुठल्या नंबरचं यंत्र कोणाकडे गेलं ते लिहून ठेवायचं, आणि शेवटचा निकाल विरुद्ध गेला तर यंत्रं परत आणून जमा करायची. तसं पेशंटकडूनही लिहून घ्यायचं.

मी कागद काकांपुढे सरकवला. म्हटलं, "सही करा काका, फॉर्मॅलिटी आहे."

त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पेन खाली ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "मागितलं तर द्यावंच लागेल. मग फॉर्मॅलिटी कशी?" यंत्र तिथेच ठेवून ते उठून गेले...

मला रागच आला. इथे आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि यांचा ताठा बघा. बाकीच्या सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या.

शुक्रवारी सुप्रिया त्यांना घेऊन आली. म्हणाली, "ताई, बाबा धड जेवलेले नाहीत. पाटीवर लिहितात, पहिल्यांदा आवाज गेला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आता स्वतः सही करून द्यायचा म्हणजे..." काकांनी कागद ओढून घेतला आणि सही केली. मला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. खोलीत, गॅलरीत माणसं दाटली होती. काकांनी नारळ ठेवला, यंत्र गळ्याला लावलं. तो आवाज ऐकून पाहुण्यांत कोणीतरी फिसकन हसलं.

"बा देवा म्हाराजा... ह्यो आवाज माझो नाय. परत देवच्या बोलीर गावलो हा. तवसर माझ्या चेडवाचा भला मागून घेतंय..."

चाळ म्हणाली, "व्हय म्हाराजा." सुप्रिया डोळे पुसत होती.

"ज्येनी अडवल्यानी त्येंचाय भला कर... ज्येनी सोडवल्यानी त्येंचाय भला कर..."

अडीच महिने कस्टम्सच्या नावाने बोटं मोडणारी मी... माझ्याही तोंडून सगळ्यांबरोबर निघालं, व्हय म्हाराजा.

केस अजून चालू आहे. काकांच्या यंत्राचा नंबर माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे... तो आवाज परत मागायला त्यांच्या दारात जायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच माझं गाऱ्हाणं.