कळंबच्या वळणावरचा थांबा

जुन्नरच्या गुरांच्या दवाखान्यासमोर पांढरी गाडी माझी वाट बघत उभी होती. मागे शीतपेटी, काचेवर सरकारी पट्टी, टपावर पिवळा दिवा, आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात काडेपेटीएवढं एक काळं यंत्र. गाडी कुठून जाते, कुठे थांबते, ते या यंत्रामुळे पुण्याच्या कार्यालयात पडद्यावर दिसतं.

"बोलत न्हाई, पण चुगली लई करतं," युनूसभाई म्हणाले. ते जुन्नरचेच, या गाडीचे ड्रायव्हर.

तालुक्यातल्या एका गावात पोल्ट्रीतल्या कोंबड्या अचानक मरू लागल्या होत्या. बर्ड फ्लूचा संशय होता. तिथले नमुने शीतपेटीत घालायचे आणि पुण्याची प्रयोगशाळा गाठायची. वाटेत कुठेही थांबायचं नाही, कारण गाडीबरोबर आजारही गावोगाव उतरू शकतो. नाशिकच्या आपल्या साप्ताहिकासाठी या गाडीवर लिहायचं म्हणून मी परवानगी काढून आलो होतो.

शिवनेरी पाठीमागे टाकून आम्ही त्या गावात शिरलो. वाटेवर आडवी दोरी होती. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवीगार शेतं, आणि मध्ये पत्र्याची लांबलचक शेड. मी पोल्ट्रीचा कलकलाट ऐकलेला आहे. इथे पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला अंगात पांढरा झगा आणि बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या घालायला दिल्या. डॉक्टरबाई आत नमुने घेत होत्या, तेव्हा माझ्या उजव्या पायाची पिशवी खिळ्याला लागून टरकन फाटली. मी पाय मागे घेतला आणि गप्प राहिलो. बूट नवे होते. सांगितलं असतं तर तिथेच सोडून यावे लागले असते.

बाहेर फवारणीवाल्याने चाकं धुतली, गाडीचं पोट धुतलं. पिशव्या काढून मी टाकून दिल्या होत्या.

"पावणं, पायातलं धुऊन झालं का?" त्याने विचारलं.

"झालं."

लाज वाटायची सुरुवात खरं तर तिथेच व्हायला हवी होती. मला भूक लागली होती. हात धुऊन गाडीत बसलो आणि सकाळी जुन्नरच्या खाणावळीतून बांधून घेतलेली मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) चालत्या गाडीत खाल्ली. रस्सा पाटलोणीवर सांडला. युनूसभाई हसले, "मासवडी न्हाई, रस्सा फिरायला निघाला."

वारूळवाडीशी टोमॅटोच्या क्रेटांनी लादलेले टेम्पो आडवे आले. आमचा पिवळा दिवा बघून त्यांनी बाजू दिली. इतक्या लोकांनी माझ्यासाठी वाट सोडायची मला सवय नव्हती. मी ताठ बसलो आणि कळंबला धाकट्या बहिणीला, कुसुमला, फोन लावला.

"तुझ्या वळणावरून चाललोय. सरकारी गाडीतून!"

"थांबू नको, दादा. कोंबड्यांचा आजार आलाय, भोंग्यावर सांगितलंय," ती म्हणाली. "मी थर्मास घेऊन रस्त्याला येते. खिडकीतनंच घे."

घोड नदीचा पूल ओलांडला. वळणावर कुसुम डोक्यावर पदर घेऊन उभी होती, हातात थर्मास. टपरीवरची माणसं माना वळवून गाडीकडे बघत होती. मी आयुष्यभर तिच्या दारी एसटीने गेलो, पिशवी सांभाळत. आज टपावर दिवा होता.

"आत घ्या गाडी, युनूसभाई. जरा."

"नको, पावणं. यंत्र बघतंय."

"मी बघतो काय ते."

कुसुम हातवारे करून नको नको म्हणत गाडीमागे धावत आली. अंगणात शेवग्याखाली तिच्या कोंबड्या टिपत होत्या. शेजारच्या हौसाबाईंच्याही त्यांच्यातच होत्या. दोन्ही घरांना मध्ये कुंपण नाही.

"बूट बदललास ना?" कुसुमने धापा टाकत विचारलं.

"हो गं."

चहा पिईपर्यंत एक तांबडी कोंबडी माझ्या उजव्या बुटाच्या टाचेतली माती टोचत होती. मला ती दिसत होती.

मंचरच्या पुढे फोन वाजला. कार्यालयातल्या मॅडम होत्या. कळंबला गाडी का थांबली? युनूसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या उसाकडे पाहिलं. ते वाट बघून म्हणाले, "पावण्यांच्या बहिणीनं चहाला वढलं, मॅडम. न्हाई म्हणवंना."

"घरी कोंबड्या होत्या?"

"व्हत्या."

मला वाचवायला त्यांनी जे पटकन पटेल ते सांगितलं. बहीण आहे, दारावरून भाऊ जातोय, ती ओढणारच. कोणालाही पटलं असतं. मीही ते पटल्यासारखा बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने नारायणगावपर्यंत परत निघालो. नमुन्यांत आजार सापडला होता. युनूसभाईंनी वाटभर नजर रस्त्यावरच ठेवली. एकदाच म्हणाले, "तुमी म्हणला व्हता, मी बघतो."

कळंबला त्यांनी गाडी डांबरी रस्त्यावरच उभी केली. या वेळी थांबायची परवानगी होती. कुसुमच्या अंगणाला दोरी बांधलेली, शेवग्याखाली चुना पसरलेला. खबरदारी म्हणून पथकाने सकाळीच दोन्ही घरच्या कोंबड्या नेऊन नष्ट केल्या होत्या. अंड्यांवर बसलेली सुद्धा.

हौसाबाई दोरीपलीकडून ओरडल्या, "भावाला चहा पाजायची लई हौस ना गं तुला! आता पाज!"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"व्हय वैनी," ती म्हणाली, "माझंच चुकलं."

नारायणगावला उतरून नाशिकची एसटी धरली. ते बूट पायातच होते. त्या कोंबड्यांना माझ्यामुळे लागण झाली होती का, ते मला कधीच कळणार नाही. एवढं मात्र ठाऊक आहे: चाकं धुतलेली होती, यंत्राने थांबा बरोबर दाखवला, ड्रायव्हरने नको म्हटलं, बहिणीने नको म्हटलं. एवढ्या बंदोबस्तात न धुतलेला मी एकटाच होतो.

हे सगळं लिहून झाल्यावर कुसुमला फोनवर वाचून दाखवलं. म्हटलं, अंक तुलाही पाठवतो, हौसाबाईंनाही पाठवतो.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहिलंस ते बरं केलंस, दादा. पण वैनीला कुठं वाचता येतं? हितं ये, आणि तिच्या दारात उभा राहून बोल."

सकाळच्या एसटीने निघतो आहे. वळणावर उतरून चालत जाईन.