पाण्याला गेलीय

आम्हा स्टॉलवाल्यांना किस्से शोधत कुठं जावं लागत नाही. चार बांबू रोवले, वर ताडपत्री टाकली, की किस्से आपल्या पायांनी चालत येतात! शिमगा झाला की महाबळेश्वरला फूड फेस्टिव्हल लागतो. मी सांगलीजवळच्या माधवनगरची, माझा भडंगाचा स्टॉल. डाव्या हाताला सुरेशचं स्ट्रॉबेरी क्रीम. उजव्या हाताला दुष्काळी माण तालुक्यातल्या आण्णांची चूल, बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा. आण्णा खर्डा वाटणार, गिऱ्हाईक बघणार. भाकरी थापणार शेवंता, त्यांची बायको. किती वर्षं हीच लाईन! सख्ख्या नातेवाइकांची तोंडं बघत नाही तेवढी आम्ही एकमेकांची बघतो.

यंदा घरी आले तशी सून म्हणाली, "आई, सांगा की तिकडचे किस्से!" हसायचं म्हणून बसली होती बिचारी.

*

एका वर्षी नवा मॅनेजर आला. कानात वायर, गळ्यात कार्ड. म्हणाला, "लाकडाची चूल चालणार नाही. फायर सेफ्टी!" आणि गॅसची शेगडी आणून ठेवली.

शेवंतानं गपगुमान भाकरी टाकली. फुगंना. दुसरी टाकली, तीही तशीच. मॅनेजर वाकून म्हणतो, "आजी, फुगत का नाहीये?"

"तुमची शेगडी, तुमीच सांगा तिला, फुग म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी स्वतः विटा घेऊन हजर! कोपऱ्यात वाळूची बादली, पाण्याचा ड्रम, सगळं मांडून दिलं आणि म्हणाला, "आजी, आता पहिली भाकरी मला."

"दुसरी देती," शेवंता म्हणाली.

*

त्या पहिल्या भाकरीचं असं होतं, की ती कुणालाच मिळायची नाही. चूल पेटली की पहिली भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला. आण्णा दुपारची गर्दी ओसरली की चुलीमागं बसून खायचे.

एकदा कुणी मोठे साहेब आले. पुढं पोलीस, मागं कॅमेरे. नुकतीच चूल पेटलेली, एकच भाकरी झालेली. साहेबांनी फडक्याकडं हात केला. शेवंतानं टोपलीच मागं ओढली! "ती आमच्या ह्यांची हाय. दम धरा, तुमची टाकती."

पोलिसांची तोंडं बघायची होती! साहेब मात्र हसले आणि उभे राहिले. माझ्याकडं कुणी असं उभं राहिलं असतं तर मी आख्खं पोतं दिलं असतं.

*

पुण्याच्या नेनेबाईंचा किस्सा तर दर वर्षीचा. शाळेतून रिटायर झालेल्या, नीटनेटक्या. दर वर्षी यायच्या, क्रेटवर बसायच्या आणि भाकरी शिकायच्या. कसली शिकतायत! कधी फाटायची, कधी तव्यावर पडताना दुमडायची. शेवंता उलटून पालटून बघायची आणि दर वेळी एकच बोलायची, "कड कच्ची ऱ्हायली, बाई."

"अहो शेवंताबाई, एकदा तरी छान म्हणा!"

"छान झाल्यावर म्हनीन की!"

नेनेबाई रुसायच्या आणि पुढच्या वर्षी परत यायच्या.

*

आता आण्णांच्या आरोळीचं सांगते. सगळ्या मैदानाला ऐकू जायची, "याऽऽ! शेवंताच्या हातची भाकरीऽऽ!"

मी एकदा शेवंताला चिडवलं, "काय गं, भर बाजारात नाव घेतोय नवरा!" तर बाई पदरात तोंड लपवून लाजली. या वयात! मग हळूच म्हणाली, "काकू, लग्न झाल्यापास्नं घरात 'आगं ए'. सासू म्हनली बायकूचं नाव घ्यायचं न्हाई, तवापास्नं न्हाई. हितं आलं की तेवढी मी शेवंता. मी काय भाकऱ्या विकायला येती व्हय हितं?"

मला तेव्हा हसू आलं होतं.

*

दिवाळीनंतर शेवंता गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेली, परत घरी आलीच नाही. सुरेशचा फोन आला तेव्हा मी कढईपाशी होते. आण्णा यंदा येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो.

आले! त्यांची सून मंगल बरोबर. तोच बॅनर लावला, शेवंताच्या फोटोचा. सुरेश दबकत म्हणाला, "आण्णा, नवा छापून आणू का?"

"ऱ्हाऊ दे रं."

मंगलनं चूल पेटवली, पहिली भाकरी फडक्यात गुंडाळली. आण्णा पुढं झाले आणि आरोळी दिली, "याऽऽ! शेवंताच्या हातची भाकरीऽऽ!"

सुरेशच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी खाली मान घालून भडंग ढवळत बसले. एक बाई आलीच विचारत, "कुठायत शेवंताबाई?"

"पाण्याला गेलीय," आण्णा म्हणाले. "यील की."

माणात बाई घरात दिसली नाही की हेच उत्तर. आता दारात नळ आला तरी तेच तोंडात बसलंय. पण ते ऐकून मंगल परातीवर वाकली ती वर बघेचना.

*

गंमत पुढंच आहे. गेल्या वर्षी एका पोरीनं शेवंताचा रील टाकला होता. तो लय चालला! त्यामुळं यंदा जो तो आजीला बघायला. आण्णांना किती वेळा विचारणार, म्हणून लोक आम्हाला विचारायचे. मी सांगितलं, "पाण्याला गेलीय." सुरेश म्हणाला, "गावाला गेल्यात." मॅनेजर म्हणाला, "ब्रेकवर आहेत." एक गिऱ्हाईक तिघांकडं फिरून आलं आणि माझ्यावरच वैतागलं, "अहो, एक बाई तीन ठिकाणी कशी?"

आण्णांनी ऐकलं. आम्हाला बोलावून चांगलं झापलं, "आरं, एकच सांगा की रं! पाण्याला गेलीय म्हनायचं. बास!"

आम्ही तिघंही, "व्हय आण्णा." मॅनेजरसुद्धा!

त्याच दुपारी ती रीलवाली पोर आली. मोबाईल पुढं धरून म्हणाली, "हीच आजी ना?" मोबाईलमधून आण्णांचीच आरोळी आली आणि मागनं शेवंताचा आवाज, "वरडतंय बघा म्हातारं!" आण्णांनी मोबाईल हातात घेतला. संपला तसा म्हणाले, "पुन्यांदा लाव गं." पोरीनं लावला. "आजून एकदा." मागं रांग खोळंबली होती.

*

संध्याकाळी मंगल माझ्याकडं आली. हातात ते फडकं, आत पहिली भाकरी तशीच. "काकू, मामंजी शिवत न्हाईत वो हिला. चहावर हायत नुसतं. कायतरी करा." माझी जीभ एरवी कुणाला ऐकत नाही. पण आण्णांपुढं जाऊन उभी राहिले आणि नुसतं भडंगाचं पुडकं देऊन परत आले.

*

शेवटच्या दिवशी नेनेबाई आल्या. सवयीनं क्रेट ओढून बसल्या.

"शेवंताबाई कुठायत?"

"पाण्याला गेलीय," आण्णा म्हणाले.

"बरं. थांबते मी."

आणि थांबल्या की! गिऱ्हाईकं आली, गेली. ऊन क्रेटवर आलं, बाईंनी डोक्यावर पदर घेतला, पण हलल्या नाहीत. सुरेश मला खुणावतोय, मी त्याला. सांगणार कोण? आण्णा तर त्या बाजूला बघतच नव्हते. आरोळीही थांबली.

शेवटी मंगलला रडू आवरेना. हात पिठाचे तसेच घेऊन ताडपत्रीमागं गेली. नेनेबाईंनी ती गेली तिकडं बघितलं, मग बॅनरकडं बघितलं. घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं आणि परातीपाशी सरकल्या.

हळूहळू थापली. तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली. फुगली! पहिल्यांदा फुगली बाईंची भाकरी. त्यांनी ती टोपलीत ठेवली नाही. शेवंताचं फडकं उचललं, त्यात गुंडाळली आणि आण्णांपुढं धरली.

समोर रांग उभी. आण्णा तिथंच, गिऱ्हाइकांच्या पुढ्यात, खाली बसले. कोरडाच तुकडा मोडला. लय वेळ चावत होते.

"कड कच्ची ऱ्हायली, बाई."

"हो का?"

आण्णांनी फडक्याला डोळे पुसले. "शेवंता न्हाई वो आता."

नेनेबाईंनी पीठ ओढलं. "दुसरी टाकू?"

"टाका," आण्णा म्हणाले.